इंजिन पुसून आणू नका

संपादकांनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं ते असं, की अनुभव लिही, पत्रक लिहू नकोस. त्यांची भीती रास्त आहे. भिवंडी-पडघा पट्ट्यातल्या ड्रायव्हरांच्या संघटनेची पत्रकं मी लिहितो. गोदामांच्या गेटवर ती वाटतो, पोलीस आले की गोळा करतो, ते गेले की पुन्हा वाटतो. त्यामुळे माझ्या वाक्यांना उद्गारचिन्हांची सवय लागलेली आहे. या लेखात ती गाळली आहेत. राग गाळता आलेला नाही.

पोट मात्र पत्रकांवर चालत नाही. मी राहनाळला नसीमचाचांच्या गॅरेजात मिस्त्री आहे. चाचा मूळचे पॉवरलूमवरचे. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी पाना हातात घेतला आणि मग सोडलाच नाही. ते मला 'लीडर' म्हणतात. त्यात कौतुक नसतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी कामाच्या तासांवर बोलायला लागलो, की गाडीखालून त्यांचा आवाज येतो, "लीडर, पहले नट खोल."

मोठ्या अपघातातून गाडी कशी उभी केली, असलं काही लिहावं असं कुणालाही वाटेल. तसलं काम खरं म्हणजे सोपं असतं. काय मोडलंय ते समोर दिसतं. मला लिहायचंय ते ऑइल कमी होण्याबद्दल. दिसायला हा आजार किरकोळ आहे, पण आमच्या धंद्यात यावरून जितकी माणसं एकमेकांवर संशय घेतात तितकी दुसऱ्या कशावरूनही घेत नाहीत.

ज्यांनी बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल जळण्यासाठीच असतं, ते संपणारच. ऑइल संपण्यासाठी नसतं. ते इंजिनाच्या तळाशी पत्र्याच्या भांड्यात पडून असतं. इंजिन चालू झालं की पंप ते वर ढकलतो, एकमेकांवर घासणाऱ्या लोखंडांमधून ते फिरतं आणि परत खाली येतं. किती उरलंय हे बघायला एक लांब पट्टी असते, तिच्यावर दोन खुणा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की मालकाने झोपावं. खालच्या खुणेच्या खाली गेलं की झोपू नये, कारण पुढची पायरी इंजिन जाम होण्याची असते. चालत्या गाडीत थोडंफार ऑइल कमी होतंच. पण दर आठवड्याला डबा घेऊन उभं राहायची वेळ आली, तर गाडी काहीतरी लपवतेय असं समजावं.

ऑइल जायच्या वाटा मोजक्याच. बाहेर गळतं, आत जळतं, नाहीतर पाण्यात मिसळतं. गळलं तर जमिनीवर डाग पडतो. जळलं तर धूर निळसर येतो. पाण्यात मिसळलं तर रेडिएटरचं झाकण उघडल्यावर आत साय आलेल्या चहासारखं काहीतरी दिसतं. यातलं काहीच दिसलं नाही, की पुष्कळशी गॅरेजं सरळ सांगतात, इंजिन खोलावं लागेल. मला या वाक्याची चीड आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला कुणी आधी उभा चिरत नाही.

आणि गाडी काही सांगेना, गॅरेजवाल्याला काही कळेना, तर मालक आणखी एक वाट शोधून काढतो. ती वाट म्हणजे ड्रायव्हर.

त्या गोष्टीकडे येतोच. त्याआधी टेमघरचे एक मास्तर सांगतो, कारण त्यांच्यामुळे मी बघायला शिकलो. मास्तर म्हणाले, गाडी ऑइल खाते. रोज सकाळी स्वतः पट्टी बघतो, रोज कमी असतं, रोज घालतो, आणि आता धूरही निघतोय. मी त्यांच्या घरी गेलो. गाडी घरासमोरच्या चढावर, नाक वर करून उभी. अशा गाडीत ऑइल मागे सरकतं, पट्टी खोटं बोलते. मास्तर रोज वर घालत होते, ऑइल खुणेच्या कितीतरी वर गेलेलं, आणि जास्तीचं हवेच्या नळीतून इंजिनात जाऊन जळत होतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही भरवताय म्हणून ती खाते." मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, की टेमघरला गाडी उभी करण्याइतकी सपाट जागा कुठे आहे ती दाखव. तो प्रश्न महापालिकेचा आहे आणि त्यावर माझं पत्रक आहे.

दुसरी जात गाडी धुऊन आणणाऱ्यांची. लोकांना आजारी गाडी घाणेरडी आणायची लाज वाटते. वाटेत सर्व्हिस सेंटरला थांबतात, फवारा मारून इंजिनसुद्धा चकाचक करून घेतात आणि मग आमच्यासमोर बॉनेट उघडतात. आत नव्या नवरीसारखं सगळं. गळती कुठून होते हे ज्या काळ्या ओघळावरून कळायचं, तो ओघळ गटारात गेलेला. चाचा अशा वेळी कपाळाला हात लावतात. "मुँह धो के आया, बुखार घर छोड़ आया," म्हणतात आणि दोन दिवस गाडी फिरवून परत आण म्हणून पाठवून देतात.

हे दोन्ही लक्षात ठेवा. आता अनंतशेठ.

अनंतशेठ राहनाळच्या जुन्या शेतकरी घरातले. जिथे त्यांचं भात पिकायचं तिथे आता त्यांची गोदामं आहेत, आणि त्यांचं गेट आमच्या गॅरेजच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. पडघ्याला त्यांचं नवं गोदाम उभं राहत होतं, त्यामुळे रोज सकाळी हायवेने पडघा आणि दुपारी परत, अशी त्यांची फेरी. सात माणसांची पांढरी डिझेल गाडी. बाकीचे लोक पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवतात, शेठ इंजिन दाखवायचे. बॉनेट उघडून म्हणायचे, हात फिरवा, बोट काळं झालं तर सांगा. तशी ड्रायव्हरला ताकीदच होती.

ड्रायव्हर जानू मुकणे. पडघ्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथला. आठवडाभर गेटजवळच्या खोलीत राहायचा, सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन घरी जायचा. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, बोलायला कमी. संघटनेच्या बैठकीला एकदा आला होता, चहा पिऊन गेला.

एका दुपारी शेठ गाडी घेऊन आले. शेजारी जानू होता, पण गाडी शेठ स्वतः चालवत होते. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. शेठनी सांगितलं की दर आठवड्याला ऑइल खाली जातंय. जमिनीवर डाग नाही, धूर नाही, पाणी स्वच्छ. दोन गॅरेजवाले बघून गेले. एकाने इंजिन खोला म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं गाडी चांगली आहे, माणूस बघा.

"मग माणूस बघितला," शेठ म्हणाले. "वॉचमन सांगतोय, सुट्टीला जाताना याच्या पिशवीला ऑइलचा वास येतो. आता तूच सांग पुढारी, गाडी काय अत्तराची बाटली हाय, उडून जायाला?"

जानू खाली बघत होता. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पिशवीत चिंध्या असत्यात. शेठना सांगितलं मी." शेठ हसले आणि म्हणाले, हो, चिंध्या ऑइलमध्ये बुडवून नेतोस आणि घरी पिळतोस. मला ही शेठची नेहमीची थट्टा वाटली, म्हणून मी चिंध्यांचा विषय तिथेच सोडला.

शेठनी मुदत दिली. येत्या सुट्टीपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर चौकीवर जानूचं नाव देणार.

हे वाक्य शहरातल्या वाचकाला साधं वाटेल, म्हणून थोडं थांबतो. पाड्यावरच्या माणसाचं नाव चौकीत एकदा गेलं, की ते तिथेच राहतं. पुढे हायवेच्या कुठल्याही गोदामातून काहीही हरवो, पोलिसांची पहिली गाडी त्या पाड्यावर जाते. एकट्या जानूला नाही, त्याच्या भावाला, मेहुण्याला, शेजारच्या पोरालाही उचलतात. पाड्यावरची बरीच माणसं गोदामांत हमालीला जातात, त्यांची कामं बंद होतात. वॉचमन त्याच बाजूचा, त्याने गावी गेल्यावर बोलायला सुरुवात केलीच होती. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये एवढं सगळं अडकलेलं होतं.

कामाला लागलो. धूर बघितला, गाडी थंड असताना आणि बराच वेळ उभी ठेवून एकदम रेस केल्यावरही. निळा नाही. रेडिएटर स्वच्छ. इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोची नळी काढून बघितली, कोरडी. गॅरेजातल्या खड्ड्यात उतरून खालून बघितलं. मी बऱ्याच गाड्यांखाली झोपलो आहे, पण इतकं स्वच्छ पोट कुठल्याच गाडीचं बघितलं नाही. खालचा पत्राही लखलखीत.

मग मी एक युक्ती केली. शेजारच्या लेडीज शॉपमधून लाल नेलपॉलिश आणली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि ऑइलचं झाकण, पट्टीची मूठ आणि तळाचा बोल्ट, तिन्हीवर अशी रेघ ओढली की जरा फिरवलं तरी ती तुटावी. इंजिनातून ऑइल काढायचं तर यापैकी काहीतरी उघडावंच लागतं. गाडी शेठच्या ताब्यात दिली. दोन-तीन दिवसांनी शेठ परत आले. रेघा शाबूत. मी त्यांच्यासमोर पट्टी काढली. ऑइल खाली गेलेलं.

मला वाटलं, संपलं प्रकरण. उघडल्याशिवाय ऑइल गेलं, म्हणजे चोरी नाही.

शेठनी रेघ नखाने खरवडून बघितली. "नेलपॉलिश काय तुलाच मिळते का? आणि रेघ मारणारा कोण, तू. तू यांच्या संघटनेचा. उद्या तू म्हणशील सूर्य पश्चिमेला उगवतो, मी मानू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर चाचांनी हात वर केला. शेठ गेल्यावर ते म्हणाले, "लीडर, तेरी गवाही नहीं चलेगी. गाड़ी से बुलवा."

मी संतापलेला होतो. त्याच संध्याकाळी पत्रकाचा मथळा तयार केला: 'तेल कुणी खाल्लं?' खाली जानूची सगळी हकीकत, शेवटी मालकवर्गाला चार शब्द. जानूला वाचून दाखवलं. त्याने पूर्ण ऐकलं, आणि मग म्हणाला, "मिस्त्री, यात माझं नाव हाय."

"असणारच. तुझीच गोष्ट आहे."

"लोक पयलं 'जानू' वाचतील, मंग 'चोर' वाचतील. पुढचं तुझं कोन वाचतंय?"

इतकी वर्षं मी पत्रकं वाटतोय. लोक ती हातात घेऊन कुठपर्यंत वाचतात हे मलाही माहीत आहे. मी कागद खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पडघ्याला गेले नव्हते, म्हणून जानू गाडी घेऊन आमच्याकडे आला. मी बॉनेट उघडून पुन्हा पहिल्यापासून बघत होतो. टेकायला म्हणून एअर फिल्टरच्या झाकणावर अंगठा ठेवला, त्याचा काळा ठसा उमटला. मी बोलत असतानाच जानू सीटकडे गेला, सीटखालून वेस्टचा गोळा काढला आणि माझा ठसा पुसून टाकला. मी काय म्हणतोय ते ऐकत होता, हात आपोआप चालला होता.

वेस्ट म्हणजे लूममधून निघणारा तुटक्या धाग्यांचा गुंता. भिवंडीत तो गोणीने मिळतो. आमच्या गॅरेजांत हात, नट, पाने, सगळं त्यानेच पुसलं जातं.

मी त्याचा हात धरला आणि गोळा काढून घेतला. तो जड होता. पिळला तर बोटांच्या फटींतून काळं ऑइल आलं.

"हे कधी पुसलंस?"

"काल. पडग्याहून आलो तवा. रोज पुसतो. गरम असतंय तवाच नीट निघतंय."

"काय निघतं?"

"मळ."

"मळ आहे का ऑइल, बघ ना जरा."

त्याने गोळा हातात घेऊन बघितला, जणू पहिल्यांदाच. "काळा हाय. इंजिन मंजे काळं होनारच की मिस्त्री. मी टरकवर होतो तवा तर वलंच असायचं समदं."

यात त्याची चूक मी काढणार नाही. डिझेल गाडीतलं ऑइल काळंच असतं, आणि काळं ते घाण हे कुणीही धरून चालतं. शेठ परतले की पाहुणे येणार, बॉनेट उघडणार, बोट फिरवणार. म्हणून हा माणूस रोज, गाडी थांबल्या थांबल्या, इंजिन गरम असताना, वरून पुसायचा. मग गोदामातल्या ट्रकांच्या खड्ड्यावर गाडी घेऊन खालचा पत्राही पुसायचा. आपण चोर नाही हे सांगणारा एकमेव साक्षीदार तो रोज दुपारी आपल्या हाताने पुसून टाकत होता. आणि तसा हुकूम कुणाचा होता, तर चोरीचा आरोप करणाऱ्याचाच.

"आणि हे वेस्ट? याच का त्या चिंध्या?"

"व्हय. घरी नेतो. चूल पेटवाया." पाड्यावर पावसाळ्यात लाकडं ओली, रॉकेल आता मिळत नाही. ऑइलचा एक बोळा चुलीत सारला की ओलं लाकूडही धरतं. त्याची बायको सगळा आठवडा त्यावर काढायची. वॉचमनच्या नाकाने चूक केली नव्हती. पिशवीला ऑइलचा वास होताच.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, आता गाडी बोलेल. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून घामोळ्यांच्या पावडरचे डबे मागवले. इंजिन आधी पेट्रोलने धुऊन सुकवलं, कारण पावडर कोरड्यावरच बसते. मग सगळ्या इंजिनावर, बाजूंना, खाली, पावडर उडवली. ऑइलचा एक थेंब जरी सुटला तरी पांढऱ्यावर काळी वाट दिसते. ही पद्धत जुनी आहे आणि तिला कुठलंही मशीन लागत नाही. गाडीभर चंदनाचा वास पसरला. चाचा म्हणाले, "दूल्हा तैयार है."

शेठना निरोप धाडला की उद्या पडघ्याला जाताना मी सोबत येतो, तुम्ही पुढे बसा, वाटेत कुणीही बॉनेटला हात लावायचा नाही. शेठना बहुतेक गंमत वाटली असावी, ते हो म्हणाले.

गेलो. हायवेला नेहमीसारखे कंटेनर, पडघ्याला नेहमीसारखा चहा. शेठनी बांधकाम बघितलं, मुकादमाला झापलं, परत फिरलो. जानू गाडी चालवत होता. गोदामाच्या आवारात गाडी थांबली तसा त्याचा हात सवयीने सीटखाली गेला. मी म्हटलं, "आज नाही." त्याने हात बाहेर काढला. मग त्या रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना, खाली उतरून त्याने ते पाठीमागे बांधले.

इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. सगळं पांढरं. एका बाजूला, ऑइल फिल्टरच्या जवळ, अंगठ्याएवढा एक स्विच असतो. ऑइलचा दाब कमी झाला की समोरचा लाल दिवा पेटवण्याचं काम त्याचं. त्या स्विचच्या गळ्यापासून खाली पावडरमध्ये काळी ओली वाट गेली होती. बारीक बघितलं तर थेंब फुगताना दिसत होता. मी जानूला परत आत बसून रेस द्यायला सांगितलं. थेंब फुगला, सुटला, दुसरा फुगला. इंजिन बंद करायला लावलं. वाट तिथेच थांबली.

शेठना समजावून सांगितलं. गाडी उभी असते तेव्हा ऑइलला दाब नसतो, म्हणून गळत नाही, म्हणून जमिनीवर डाग नाही. गाडी पळते तेव्हा दाबाने हे बारीक फटीतून बाहेर येतं. बरंचसं वाऱ्याने मागे उडून नाशिक हायवेच्या डांबरावर पडतं. उरलेलं इंजिनाला आणि खालच्या पत्र्याला चिकटतं, आणि ते कुणाला दिसायच्या आत जानू पुसून घेतो. त्या वेस्टने त्याच्या घरी चूल पेटते.

शेठनी स्वतःचं बोट त्या काळ्या वाटेवर फिरवलं, नाकाला लावलं. मग ते मोठ्याने म्हणाले, "मंजे तेल या जान्याच्याच घरी जात होतं की रं."

आवारातले सगळे हसले. वॉचमन सगळ्यांत मोठ्याने हसला. शेठच्या दृष्टीने विषय तिथे संपला. खरं तर त्या वाक्यात चूक काहीच नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

जानू हसला नाही. तो म्हणाला, "शेठ, हे गेटवर बोला."

"काय बोलू?"

"मी चोर न्हाय, हे. जिथं चोर म्हनले, तिथं."

"अरे झालं ना आता. मी कुठं चौकीवर गेलो?" शेठ म्हणाले आणि ऑफिसात गेले.

स्विच बदलला. एका पान्याचं काम. गळती बंद झाली. माझ्या धंद्याच्या हिशोबाने गोष्ट इथे संपते. मी खिशातला कागद चाचपला. जानूने ते बघितलं आणि मान हलवली, म्हणून मी तो तसाच राहू दिला.

सुट्टीच्या दिवशी जानू पिशवी घेऊन गेटवर आला. मी समोरच्या गॅरेजातून बघत होतो. त्याने पिशवी उलटी करून गेटच्या मधोमध रिकामी केली. वेस्टचे गोळे, लुंगी, डबा, पोरीसाठी घेतलेल्या बांगड्या. एकेक वस्तू उचलून वॉचमनच्या तोंडासमोर धरली आणि परत पिशवीत ठेवली. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत उभे.

वॉचमन म्हणाला, "अरे मी मागितलंय का?"

"न्हाय. मीच दाखवतोय."

पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. ट्रकवाले आता हॉर्न न वाजवता खाली उतरून बघायला लागले. गोदामातले हमाल कामं सोडून गेटवर यायचे. वॉचमन दुसरीकडे बघायचा, तर जानू तो जिकडे बघेल तिकडे जाऊन डबा दाखवायचा. शेठनी बोलावून सांगितलं, तमाशा बंद कर. त्यावर हा म्हणाला, "तुमी बोला, मंग बंद." त्याला कामावरून काढलं असतं तर मला सरळ पत्रक लिहिता आलं असतं. शेठनी काढलं नाही. त्याच्यासारखं इंजिन दुसरं कोण ठेवणार होतं?

शेवटी गेटवर पाहुणे आले. गोदाम भाड्याने घ्यायला कुठल्याशा कंपनीची माणसं, शेठ त्यांना आणायला स्वतः गेटपर्यंत आले होते, आणि नेमका जानूचा सुट्टीचा दिवस. पाहुण्यांपैकी एकाने थांबून विचारलं, हे काय चाललंय? तुमच्याकडे रोज अशी झडती घेतात का?

शेठनी पाहुण्यांकडे आणि जमिनीवरच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाय हो. आमचा ड्रायव्हर हाय. गाडीचं तेल गळत होतं, आमी संशय याच्यावर घेतला. याचं काय न्हाय त्यात." आणि जानूकडे वळून, "भर ती पिशवी."

माफी नाही, दिलगिरी नाही. पाहुण्यांसमोर अडचण झाली म्हणून निघालेली दोन वाक्यं. मी रस्त्याच्या अलीकडे उभा होतो आणि मला ती फार अपुरी वाटली.

जानू मात्र पिशवी न भरता वॉचमनकडे वळला. "दादा, ऐकलंस का?"

वॉचमन म्हणाला, "ऐकलं."

"गावाला गेलास की सांग मंग."

मग त्याने पिशवी भरली आणि पडघ्याची रिक्षा पकडली.

त्या प्रकरणानंतर आमच्या गॅरेजवर एक पाटी लागली: 'कृपया इंजिन पुसून आणू नका.' शब्द माझे. चाचांनी मंजूर केलेलं माझं हे एकमेव लिखाण. खाली मला मालकांविषयी आणखी एक ओळ घालायची होती, पण त्यांनी ब्रश काढून घेतला.

बऱ्याच दिवसांनी जानू सुट्टीला निघताना रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. जरा अवघडलेला होता. गाडी कशी आहे विचारलं, तर म्हणाला चांगली आहे, पट्टीवर ऑइल हलत नाही. मग म्हणाला, "पर आमची बाई तुझ्यावर रागावलीय."

"माझ्यावर?"

"वेस्ट आता कोरडंच निघतंय. चूल धरत न्हाय. म्हनते, तुझ्या मिस्त्रीनं गाडी सुधारली न् माझी चूल बिघडवली." तो हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "तुमच्याकडं वापरलेलं असंल तर दे थोडं."

वापरलेल्या वेस्टची आमच्याकडे काय कमी. कोपऱ्यात ढीगच असतो, ऑइलने निथळणारा. मी गोळे काढायला लागलो आणि त्याची कापडी पिशवी उघडायला हात पुढे केला. त्याने ती मागे घेतली.

"यात नको," तो म्हणाला. "प्लास्टिकची हाय का? आतलं दिसंल अशी."

आमच्याकडे नव्हती. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन घेऊन आलो.